पत्रिकेत न लिहिलेली नोंद

मराठी घरात मूल जन्माला आले की पहिली दृष्टी जाते ती घड्याळाकडे. तास, मिनिटे, जमल्यास सेकंदही टिपून ठेवले जातात. कारण पुढे पत्रिका मांडावयाची असते. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की हैदराबाद, मूळ गाव सोडून चार-पाच पिढ्या लोटल्या तरी ही चाल आपल्या घरांतून गेलेली नाही. त्याच वेळच्या आणखी दोन गोष्टी मात्र जपून ठेवल्या जात नाहीत. मूल किती आठवड्यांचे होऊन जन्मले आणि जन्मतः त्याचे वजन किती भरले, हे रुग्णालयाच्या कार्डावर लिहिलेले असते. पण घर बदलताना कार्ड गहाळ होते आणि पत्रिका कपाटात सुखरूप राहते. गेल्या काही दशकांतील संशोधन पाहता, मोठेपणीच्या प्रकृतीचा थोडाफार अंदाज बांधावयाचा झाला तर या दोन आकड्यांचा उपयोग फार मोठा आहे. त्यांच्याविषयी, आणि बालपणी खुंटलेल्या वाढीविषयी, चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. पण वैद्यांनी जे शोधून काढले त्याचे पडसाद अखेर वर्गातच उमटतात.

‘अपुऱ्या दिवसांचे मूल’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मोठा नेमका आहे. नऊ महिने नऊ दिवस हा आपला परंपरागत हिशेब. शास्त्राचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चाळीस आठवडे, म्हणजे २८० दिवस. दोन्ही हिशेब किती जवळजवळ येतात पाहा! सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे मूल, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. अठ्ठावीस आठवड्यांच्याही आत जन्मलेले मूल अत्यंत अपुरे समजले जाते.

याविषयी आपल्याकडे एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. हा समज केवळ आपल्या आजीबाईंचा नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही तो आढळतो. आणि आठव्या महिन्यात ओज माता व गर्भ यांच्यामध्ये अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील जन्म संकटाचा, असे चरकसंहितेत म्हटले आहे. इतक्या दूरदूरच्या परंपरांत एकच समज सापडावा याचे नवल वाटते. तथापि आजचा अनुभव त्याच्या उलट आहे. आईच्या पोटातला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरात काही ना काही टाकीत असतो. आठव्या महिन्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा अधिक तयार असते. म्हणून ‘आठवा लागला, आता काय उपयोग’ असे म्हणून हातपाय गाळणे किंवा ‘सातवा आहे, जगेल’ म्हणून निर्धास्त राहणे, दोन्ही सारखेच घातक.

२०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली, म्हणजे दर दहांत सुमारे एक. त्यांपैकी सुमारे तीस लाख आपल्या देशातली होती. एवढी संख्या अन्य कोणत्याही देशात नव्हती. पूर्वी यांतली कितीतरी मुले पाचवीच्या पूजेपर्यंतही पोहोचत नसत. आता उपचार सुधारले, ही मुले वाचतात, बारसे होते, शाळेत येतात, नोकरीला लागतात, संसार थाटतात. साहजिकच नवा प्रश्न उभा राहिला: वाचलेल्या मुलांचे पुढे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या घडणीत आहे. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि छत्तीसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम कायमचे थांबते. पुढे कितीही सकस आहार दिला तरी नवी गाळणी तयार होत नाही. ज्याच्या वाट्याला मुळात कमी आल्या, त्याला तेवढ्यावरच जन्म काढावा लागतो आणि त्याचा रक्तदाब इतरांपेक्षा लवकर चढण्याचा संभव राहतो. फुप्फुसांचेही तसेच. श्वास सोडल्यावर फुप्फुसातील सूक्ष्म पिशव्या मिटून जाऊ नयेत म्हणून लागणारा स्निग्ध पदार्थ शेवटच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो. फार लवकर जन्मलेल्यांपैकी काहींना मोठेपणीही धाप लागते, दमा सतावतो. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी राहिली तर दृष्टीला धोका पोहोचतो. मेंदूच्या तर घड्याच याच काळात पडत असतात.

स्वीडनमध्ये १९७३ ते १९७९ या काळात जन्मलेल्या सुमारे पावणेसात लाख व्यक्तींच्या नोंदी २००८ पर्यंत तपासण्यात आल्या. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना पहिल्या काही वर्षांत धोका अधिक असणार हे अपेक्षितच होते. मधली वर्षे सुरक्षित गेली. पण अठरा ते छत्तीस या वयात तो धोका पुन्हा किंचित वाढलेला आढळला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. त्या वयात मृत्यूचे प्रमाण मुळातच फार अल्प, आणि या लोकांतही ते अल्पच होते. बहुसंख्य जण चांगले आयुष्य जगत होते. घाबरविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. जोखीम ठाऊक असलेला मनुष्य वेळेवर रक्तदाब मोजवून घेतो, एवढाच त्याचा अर्थ.

परदेशी उदाहरणे पुरेत. आपल्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत घेतला. इतकी वर्षे चिकाटीने चाललेली अशी पाहणी आपल्या देशात दुर्मिळच. बाराव्या वर्षी उघड अपंगत्व नसलेली १८० मुले आणि पुऱ्या दिवसांची, चांगल्या वजनाची ९० मुले यांची तुलना झाली. कमी वजनाच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ८९, दुसऱ्याचा सुमारे ९७ निघाला. म्हणजे मुले मंदबुद्धी नव्हती. सर्वसाधारण मर्यादेतच होती, पण थोडी मागे होती. डोळ्यांनी पाहिलेले हाताने उतरविणे त्यांना कठीण जाई. वाचन आणि विशेषतः गणित त्यांना अधिक छळी. अपुऱ्या दिवसांची आणि त्यातही दिवसांच्या मानाने कृश अशी जी मुले होती, ती सर्वांत मागे राहिली. याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आम्हां शिक्षकांना मोठा धीर देणारी आहे: आईचे शिक्षण जेवढे अधिक, तेवढी मुलाची बौद्धिक प्रगती बरी. जन्माच्या वेळी जे कमी पडले, त्यातले काही घर भरून काढू शकते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुले उंचीप्रमाणे उभी केली जातात. पुढे उभ्या असलेल्या ठेंगण्या मुलांकडे पाहून ‘आईबापही ठेंगणेच, घराण्यातच आहे’ असे आपण सहज बोलून जातो. काही अंशी ते खरेही असते. पण जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात भारतासह सहा देशांतील मुलांचे मोजमाप घेतले, तेव्हा असे दिसले की आईचे दूध, योग्य आहार, स्वच्छता आणि उपचार मिळाले तर पाच वर्षांपर्यंतची मुले सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात. त्यावरून २००६ साली वाढीची नवी मानके ठरली. त्यांच्या मानाने फारच कमी उंची असलेल्या मुलाची वाढ खुंटली असे म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय मुले अशी आढळली. जेथे जेथे आपली मंडळी स्थायिक आहेत तेथील आकडे असे: गोवा २५.८, तेलंगण ३३.१, महाराष्ट्र ३५.२, कर्नाटक ३५.४, मध्य प्रदेश ३५.७ आणि गुजरात ३९ टक्के. सुबत्तेचा डंका पिटणारी राज्येही यात मागे नाहीत.

उंचीने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. १९८० च्या सुमारास हा वाद विद्वानांतही रंगला होता. डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहान पण निरोगी’ असा विचार मांडला. सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र आणि जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचेही म्हणणे असे की, शरीर कमीअधिक आहाराशी जुळवून घेते, म्हणून उपासमारीचे आकडे फुगवून सांगितले जाऊ नयेत. याउलट हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची धुरा वाहिलेले डॉ. सी. गोपालन यांनी निक्षून सांगितले की, खुंटलेली वाढ हे जुळवून घेणे नसून तडजोड आहे आणि तिची किंमत मोजावी लागते. शरीर जुळवून घेते यात शंका नाही. परंतु तेव्हा लहान असलेली मुले मोठी झाल्यावर जे पुरावे हाती आले, त्यांनी गोपालन यांच्या पारड्यात वजन टाकले.

असा एक पुरावा हैदराबादजवळच्याच २९ खेड्यांतला आहे. १९८७ ते १९९० या काळात त्यांपैकी १५ गावांत गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळाला. १४ गावांत तो अद्याप सुरू व्हावयाचा होता. ही मुले तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा आहार मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. उंचीतला हा फरक कोणी किरकोळ म्हणेल. पण त्यांच्या रक्तवाहिन्या अधिक लवचिक होत्या आणि मधुमेहाची पूर्वसूचना देणारी लक्षणे कमी होती. दुसरा पुरावा मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचा. तेथे १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांना प्रथिनयुक्त पेज आणि दोन गावांना साधे गोड पेय देण्यात आले. जे मुलगे दोन वर्षांचे होईपर्यंत ती पेज प्यायले होते, त्यांची मोठेपणीची तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक निघाली. तीन वर्षांनंतर पेज सुरू झालेल्यांना मात्र हा लाभ दिसला नाही. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे एक हजार दिवस मोलाचे म्हणतात ते याचसाठी.

हे वाचून एखादी प्रेमळ आजी म्हणेल, मग नातवाला तूप-साखर वाढवून गुटगुटीत करू! येथेच मोठा धोका आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात मुलांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांशी केली. आपल्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो. स्नायू आणि उंची आपल्या मुलांत कमी होती. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास बारीक, आतून मेदयुक्त असे हे भारतीय बाळ! पुण्यातीलच आठ वर्षांच्या मुलांच्या तपासणीत असे आढळले की, जन्मतः कमी वजनाची आणि पुढे झपाट्याने जाड झालेली मुले मधुमेहाच्या वाटेवर सर्वांत पुढे होती. दोन वर्षांच्या आत उंचीसह होणारी वाढ हितकर. त्यानंतर नुसते वजन वाढविणे अहितकर. बिस्किटे, फरसाण आणि सरबते यांनी ते गमावलेले हजार दिवस परत येत नाहीत.

या साखळीचे मूळ शोधू गेल्यास आपण आईपाशी येऊन पोहोचतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या पाहणीत गरोदर होण्यापूर्वी स्त्रियांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो! त्यांतल्या ज्या स्त्रिया पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. मेथी, चाकवत, माठ, शेवगा यांना काही राजवैभव लागत नाही. पण घरात सर्वांची पाने वाढून झाल्यावर सुनेच्या पानात काय उरते हा प्रश्न आहे. डोहाळजेवणाच्या दिवशी तिला पाटावर बसवून पाच पक्वान्ने वाढायची आणि उरलेले नऊ महिने शेवटच्या पंगतीला बसवायचे, यात कसले कौतुक? ‘जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल’ हा सल्ला तर तात्काळ सोडून द्यावा. खुंटलेल्या वाढीची मुलगी लवकर बोहल्यावर चढली, अठराच्या आगेमागे आई झाली, की तिचे मूलही कमी दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याचा संभव वाढतो. आणि एका पिढीचे देणे दुसरीच्या माथी येते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया पंडुरोगी होत्या, हेही विसरता येत नाही.

उपाय आहेत, आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत. पहिलटकरणींना लवकर सुरू केलेली अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन उपयोगी पडते काय, याची परीक्षा सहा देशांत झाली; भारतातील तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी घटल्या. अर्थात हे औषध डॉक्टरांनी सांगितल्यावाचून घेऊ नये. अकाली कळा सुरू झाल्यास आईला द्यावयाचे एक इंजेक्शन बाळाची फुप्फुसे लवकर तयार करते. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये ते दाखवून दिले. म्हणून अवेळी पोटात दुखू लागले तर ‘वारा असेल’ म्हणून शेकत बसू नये, रुग्णालय गाठावे.

बाळ जन्मल्यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे आईची छाती. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी रात्रंदिवस बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव मिळाले. या रीतीने वाढविलेली मुले वीस वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती इतर उपचार झालेल्यांपेक्षा कमी चंचल व कमी आक्रमक आढळली. शाळेतील त्यांची गैरहजेरीही कमी होती. बाबाही हे काम करू शकतात, आजीही करू शकते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची निगा राखली. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतील नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली जगापुढे आले.

घरच्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवावेत. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. ही वेळ टळली तर अंधत्व टाळणे कठीण. ऐकू येते की नाही, हेही तपासून घ्यावे. दुसरे, दोन वर्षांपर्यंत त्याचे वय ठरलेल्या तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी आलेले मूल शेजारच्या मुलापेक्षा दोन महिने उशिरा बसू लागले, तर त्यात दोष नाही. तिसरे, सहा महिने पुरे होईपर्यंत आईचेच दूध द्यावे आणि मग उष्टावण वेळेवर करावे. चांदीच्या वाटीतल्या खिरीचा एक घास देऊन सोहळा संपू नये. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेली भाजी, चालत असल्यास अंडे, असे रोज मिळावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

यापुढचे काम शाळेचे. आमच्या दाखिल-खारिज रजिस्टरात जन्मतारीख असते, वडिलांचा व्यवसाय असतो. किती आठवड्यांचे मूल हे विचारणारा रकाना नसतो. पालकांनी ते आपण होऊन वर्गशिक्षकांना सांगावे. अक्षर वाकडे काढणारा, फळ्यावरचे उतरविताना चुकणारा, पाढे येत असूनही उदाहरणात अडखळणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. त्याला पुढच्या बाकावर बसवावे, डोळे-कान तपासावेत, लिहावयास थोडा अधिक वेळ द्यावा. ‘ढ’ हे एकाक्षरी प्रमाणपत्र त्याच्या हाती देण्याचा अधिकार कोणत्याही गुरुजींना नाही.

आणि जी मुले आता चाळिशी-पन्नाशीची झाली आहेत त्यांचे काय? पुष्कळ घरांत ही गोष्ट दडवून ठेवली जाते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. सोयरीक जुळताना कोणी काही बोलू नये म्हणून. दडवता दडवता ती त्या मुलीलाही कधी कळत नाही आणि तिच्या डॉक्टरांनाही नाही. आई हयात आहे तोवर तिला विचारून घ्यावे: ‘मी किती दिवसांचा जन्मलो, वजन किती होते?’ उत्तर कमी दिवसांचे आले तर रक्तदाब आणि साखर लवकर व नियमित तपासावी, तंबाखूच्या वाटेला जाऊ नये, पोट सुटू देऊ नये, रोज चालावे. मूत्रपिंडातल्या गाळण्या वाढविता येत नाहीत; आहेत त्या जपता येतात.

आयझॅक न्यूटन १६४२ च्या नाताळात अपुऱ्या दिवसांचा जन्मला. लिटरभराच्या भांड्यात मावेल एवढाच होतास, असे त्याला पुढे सांगण्यात आले होते. तो ८४ वर्षे जगला आणि त्याने जगाला काय दिले ते आठवीचा विद्यार्थीही सांगेल. प्रत्येक मूल न्यूटन होणार नाही. पण प्रत्येकाला पुरते आयुष्य आणि पुरती संधी मिळावी, एवढे मागणे अधिक नाही. आमची वाचकांना विनंती इतकीच की, यापुढे घरात पाळणा हलेल तेव्हा पत्रिकेच्या कागदावरच वेळेखाली दोन ओळी आणखी लिहाव्यात: आठवडे इतके, वजन इतके. शक्य तर आईचीही उंची आणि वजन लिहावे. ग्रह काय सांगतात ते ज्योतिषी पाहतील. या दोन ओळी मात्र आपल्या मुलाला, त्याच्या शिक्षकाला आणि पन्नास वर्षांनंतरच्या त्याच्या डॉक्टरला उपयोगी पडतील.